पहिलटकरणीच्या घरी आशाताई: अर्ज कुठे, कागद कोणते?

आशाताईनं घरी येऊन बाळ-बाळंतिणीला पाहावं म्हणून कुठलाही अर्ज करावा लागत नाही. लागते ती नोंदणी. पाळी चुकली की गावच्या आशाताईला किंवा उपकेंद्रातल्या सिस्टरला सांगायचं, तेही पहिल्या तीन महिन्यांत. तिथं माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं.

घोळ होतो तो माहेरपणात. नाव घातलेलं सासरी कराडकडं, पोरगी सातव्यात माहेरी खटावला, आणि कार्ड सासरच्या कपाटात! खटावच्या आशाताईला ती आलेली कळणार कसं? कार्ड पिशवीत घालूनच निघा आणि आल्या आल्या तिला निरोप द्या. ऊसतोडीच्या टोळीतल्या मुलींनीही कोपी (राहायची झोपडी) ज्या गावच्या शिवारात पडलीय, तिथल्या आशाताईला गाठावं.

दवाखान्यात बाळंतपण झालं तर ती 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी येते. घरीच झालं तर पहिल्या दिवशीही. बाळाचं वजन, ताप, नाळ बघते. अंगावर पाजताना अडचण आहे का, बाळंतिणीच्या अंगावरून फार जातंय का, विचारते. सव्वा महिना खोलीत कुणी नको म्हणणाऱ्या आजींनी तिला तेवढं आत सोडावं. पुढं 3, 6, 9, 12, 15 व्या महिन्यात भेटी.

पैशासाठी मात्र अर्ज आहे. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला 5000 रुपये: नोंदणी आणि एका तपासणीनंतर 3000, जन्मनोंद व साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी झाल्यावर 2000. कागद हे: आईचं आधार, त्याला जोडलेलं तिचंच बँक खातं, माता-बाल संरक्षण कार्ड, नंतर बाळाचा जन्मदाखला. शिवाय दारिद्र्यरेषेखालचं किंवा अन्नसुरक्षेचं रेशनकार्ड, ई-श्रम कार्ड, रोजगार हमीचं जॉबकार्ड किंवा आठ लाखांच्या आतला उत्पन्नाचा दाखला, यांपैकी एक. नवऱ्याचं आधार सक्तीचं नाही, टाकलेल्या मुलींनी हे ध्यानात ठेवावं. फॉर्म आशाताई किंवा अंगणवाडीताई भरून देतात.

वय योजनेच्या अटीपेक्षा कमी असेल तर हे पैसे मिळत नाहीत. जननी सुरक्षा योजनेला वयाची अट नाही. दारिद्र्यरेषेखालील किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या आईला दवाखान्यातल्या बाळंतपणाचे गावात 700, शहरात 600. मुलगी अठराच्या आतली असेल तर डॉक्टरांना पोलिसांना कळवावंच लागतं. त्या धाकानं घरात बाळंतपण उरकू नका. कोवळ्या वयात धोका जास्त असतो. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी असते, जोखमीच्या आईच्या कार्डावर लाल स्टिकर लागतं. कळा सुरू झाल्या की 102 ला फोन करा, गाडी फुकट येते.