रेषाक्रम (चिनी लिपी)

चिनी लिपीतील अक्षर लिहिताना त्यातील रेघा कोणत्या क्रमाने आणि कोणत्या दिशेने ओढायच्या, यासंबंधीच्या संकेतांना रेषाक्रम म्हणतात. चिनी भाषेत त्यासाठी ‘बीशुन’ ही संज्ञा आहे. लेखणी कागदावर टेकल्यापासून उचलेपर्यंत उमटते ती एक रेघ, मग ती वाटेत काटकोनात वळलेली का असेना. ‘तोंड’ या अर्थाचे चौकोनी अक्षर चार बाजूंचे दिसत असले, तरी ते तीन रेघांचे आहे: डावी उभी, वरून जाऊन उजवीकडे खाली वळणारी आणि तळाची आडवी. नवशिके बहुधा येथेच अडखळतात.

मूळ नियम थोडे आहेत. वरचा भाग आधी, खालचा नंतर. डावा आधी, उजवा नंतर. रेघा एकमेकींना छेदत असतील तर सामान्यतः आडवी आधी व उभी नंतर. चौकट आतल्या भागाच्या आधी, पण तिचे तोंड मिटवायचे ते सर्वांत शेवटी. ‘देश’ या अर्थाचे आठ रेघांचे सुलभीकृत अक्षर लिहिताना प्रथम चौकटीची डावी बाजू, मग वरची व उजवी बाजू मिळून एक रेघ, त्यानंतर आत दोन आडव्या, एक उभी, पुन्हा एक आडवी व एक ठिपका, आणि अखेरीस तळाची रेघ, असा क्रम असतो. ‘लहान’ या अर्थाच्या अक्षरात मात्र मधली उभी रेघ आधी काढून मग दोन्ही बाजू भरतात.

हा क्रम म्हणजे केवळ शिस्तीचा हट्ट नव्हे. कुंचला उजव्या हातात धरून लिहिताना एका रेघेच्या टोकाकडून पुढच्या रेघेच्या आरंभाकडे हात सहज जावा, या गरजेतून तो घडत गेला. त्याचे खरे महत्त्व जलद लेखनात कळते. शिंगशू आणि त्साओशू या प्रवाही शैलींत रेघा एकमेकींत मिसळतात, काही गळून पडतात, आणि उरलेला आकार हा हाताने घेतलेल्या वाटेचाच माग असतो. क्रम बदलला तर जोड भलतीकडे पडतात आणि सराईत वाचकालाही अक्षर ओळखू येत नाही. सुलेखनाच्या परंपरेत ‘चिरंतन’ या अर्थाच्या ‘युंग’ या अक्षरावर आठ प्रकारच्या रेघांचा सराव करतात. ही पद्धत चौथ्या शतकातील सुलेखनकार वांग शीझी यांच्या नावाशी जोडली जाते.

शाळेत मुले शिक्षकांबरोबर हवेत बोट फिरवून, रेघांची नावे मोठ्याने म्हणत अक्षर लिहितात. नंतर लाल रंगात छापलेला कित्ता गिरवतात आणि मग चार भागांत विभागलेल्या चौकटींच्या वहीत तेच अक्षर स्वतः काढतात. अनेक रेघांची अक्षरे लक्षात राहतात ती पुष्कळ अंशी हाताला पडलेल्या या वळणामुळे.

क्रम सर्वत्र एकच नाही. चीनने 1997 मध्ये 7,000 अक्षरांचा प्रमाण क्रम प्रसिद्ध केला. 2013 च्या प्रमाण सूचीतील 8,105 अक्षरांसाठीचा नवा क्रम 1 मार्च 2021 पासून लागू झाला. तैवानच्या शिक्षण मंत्रालयाची पुस्तिका 1996 ची, तर जपानची मार्गदर्शिका 1958 ची असून तीत 881 अक्षरे आहेत. ‘राजा’ या अर्थाच्या अक्षरात चिनी पद्धतीने दोन आडव्या रेघांनंतर उभी येते. जपानी पद्धतीने ती पहिल्या आडव्या रेघेनंतर लगेच येते. त्यामुळे पुण्यात जपानी शिकणाऱ्याने पुढे चिनी शिकायला घेतल्यास काही अक्षरांचे वळण त्याला बदलावे लागते. यांपैकी कोणतीही पद्धत चुकीची नाही. मात्र आरंभी एकीवर हात बसू द्यावा.

कोश आणि नामावल्या यांतही रेघांना स्थान आहे. आडनावांच्या याद्या अनेकदा रेघांच्या संख्येनुसार लावतात. संख्या सारखी असल्यास पहिली रेघ आडवी, उभी, डावीकडे उतरणारी, ठिपका की वळलेली, हे या क्रमाने पाहतात. तीही जुळली तर दुसरी रेघ पाहतात. मोबाइलवरील रेघांच्या टंकलेखन पद्धतीतही याच पाच प्रकारांना प्रत्येकी एक कळ दिलेली असते, आणि कळा रेषाक्रमानेच दाबाव्या लागतात.