मुरलेलं चीज आणि मे महिन्यातलं नागपूर

भाच्यानं हॉलंडहून दीड वर्ष मुरवलेलं गौडा चीज आणलं. धरमपेठेतल्या आमच्या काकूनं तुकडा हुंगला आणि निकाल दिला, "हे तं नासलं ना रे!" बरणीतलं वर्षाचं लोणचं मात्र तिच्या मते नासलेलं नसतं, मुरलेलं असतं.

चीजमध्ये मुरतं ते प्रथिन. दूध गोठवणाऱ्या रेनेटमधलं कायमोसिन हे विकर केसिन या दुधातल्या प्रथिनाच्या कणांचं बाहेरचं टोक छाटतं, मग कण एकमेकांना चिकटून दही धरतं. (हे रेनेट वासराच्या जठरातलं किंवा सूक्ष्मजीवांपासून केलेलं असतं. भाच्यानं दुसऱ्या प्रकारचं शोधून आणलं होतं.) पुढं महिनोनमहिने विकरं केसिनच्या लांब साखळ्या तोडत राहतात. त्यातून ग्लुटामिक आम्ल सुटं होतं. इकेदा या जपानी रसायनतज्ज्ञानं 1908 मध्ये समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून वेगळी काढलेली 'उमामी' (गोड-आंबट-खारट-कडूपलीकडची पाचवी) चव ती हीच. काकूच्या दाताखाली कचकचला तो खडा नव्हता, टायरोसिनचा स्फटिक होता. हे अमिनो आम्ल पाण्यात फारसं विरघळत नाही, म्हणून त्याचे कण जमतात. चीजमध्ये असा कण सापडला की मला तर आनंदच होतो.

आपल्या जिभेला याची सवय नाही, कारण पनीर आपण ताजंच खातो आणि डब्यातलं प्रोसेस्ड चीज तापवलेलं असल्यानं त्याचं मुरणं तिथंच थांबतं.

वासाचं म्हणाल तर गौडा बरंच सभ्य. लिंबर्गर या उग्र वासाच्या चीजच्या सालीवर ब्रेव्हिबॅक्टेरियम जातीचे जीवाणू वाढतात, आणि त्यांचे भाऊबंद आपल्या तळपायांवर राहतात. मलेरिया पसरवणारी अ‍ॅनोफिलीस गॅम्बिये डासाची मादी पायांच्या वासाकडे जशी झेपावते तशीच लिंबर्गरकडेही, या शोधाला 2006 चं इग नोबेल, म्हणजे गमतीशीर संशोधनाला दिलं जाणारं पारितोषिक, मिळालं.

चव घ्यायची तर तुकडा जिभेवर विरघळू द्यावा आणि श्वास नाकानं सोडावा, कारण घशाच्या मागून वर गेलेला वासच आपण 'चव' म्हणून ओळखतो. थंडगार चीजमधली चरबी घट्ट असते आणि वास बाहेर पडत नाही. म्हणून तासभर आधी फ्रिजबाहेर काढा, असं जाणकार सांगतात. हे तास त्यांच्या गावचे! इथं मेमध्ये पारा 45 अंशांवर जातो आणि लोण्याची चरबी पस्तिशीच्या आसपासच वितळते. तासाभरात गौडाला तेलकट घाम फुटला. कूलरसमोर दहा मिनिटं पुरली.

दुसऱ्या खेपेला काकूनं मागून घेतला, तोही स्फटिक जास्त असलेला तुकडा.