पार्श्वभूमी : ‘काचेतलं’ बाळ आणि सिस्टरचं शिक्षण

कळव्याला किंवा वाशीला महापालिकेच्या रुग्णालयाबाहेर थांबलेल्या नातेवाइकांना बाळाची खुशाली विचारली, तर उत्तर ठरलेलं असतं : ‘काचेत ठेवलंय.’ हा शब्द इनक्युबेटरच्या काळातला, ऊब देणाऱ्या काचेच्या पेटीवरून आलेला. आता बरीचशी बाळं वरून ऊब देणाऱ्या उघड्या वॉर्मरवर असतात. काच असलीच तर खोलीच्या दाराला. तरी काविळीसाठी निळ्या दिव्याखाली ठेवलेलं, वजन कमी म्हणून ठेवलेलं, श्वासाला दाबाची मदत देणाऱ्या सीपॅपवरचं, व्हेंटिलेटरवरचं, सगळी बाळं ‘काचेतली’च.

घरच्यांनी असं म्हणणं समजण्यासारखं आहे. अडचण अशी, की रुग्णालयांनीही बरीच वर्षं तसंच मानलं. काचेतलं बाळ सांभाळायचं म्हणजे अंग गार पडू द्यायचं नाही, दूध मोजून द्यायचं, हात धुवायचे. श्वास हा डॉक्टरांचा प्रांत. पोट उडतंय, बरगड्या आत ओढल्या जातायत, बाळ कण्हतंय, हे आधी दिसायचं सिस्टरलाच. पण तिने करायचं काय, तर डॉक्टरांना बोलवायचं. प्रसूतिगृहातही तेच. बाळ रडलं नाही की हाक मारायची, आणि डॉक्टर जिना चढेपर्यंत पहिलं मिनिट गेलेलं. या शब्दाने आणखी एक घोळ केला. ‘काचेत आहे’ म्हटलं की घरचे निर्धास्त होतात, आणि दोन दिवसांनी बाळ गेलं तर ‘काचेत असूनही कसं?’ हा प्रश्न ड्युटीवरच्या सिस्टरलाच येतो.

विज्ञान याच्या खूप आधी पुढे गेलं होतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या फुप्फुसात सर्फॅक्टंट, म्हणजे फुप्फुसं मिटू न देणारा पदार्थ, कमी पडतं, हे 1959 मध्ये समजलं. सतत दाब देऊन फुप्फुसं उघडी ठेवणारं सीपॅप 1971 चं. जन्मतः श्वास न घेणाऱ्या बाळासाठीचं शिस्तशीर प्रशिक्षण भारतात 1990 मध्ये आलं.

ठाण्याच्या दृष्टीने महत्त्वाचं घडलं ते 2005 नंतर. बाळंतपण दवाखान्यात व्हावं म्हणून सरकारने पैसे द्यायला सुरुवात केली आणि घरची बाळंतपणं दवाखान्यात येऊ लागली. तेव्हा जव्हार-मोखाडाही ठाणे जिल्ह्यातच होते. पालघर वेगळा झाला 1 ऑगस्ट 2014 ला. बाया आल्या, पण बाळाला श्वास देता येणारे हात तेवढे नव्हते. 2009 मध्ये त्यासाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण आलं. प्लॅस्टिकच्या बाहुलीवर सराव : मास्कने हनुवटी, तोंड, नाक झाकायचं, डोळे नाही, मग ‘दाब, दोन, तीन’ म्हणत मिनिटाला 40 ते 60 वेळा मास्कला जोडलेली हवेची बॅग दाबायची, छाती उचलली जातेय ना ते बघत. डॉक्टरांची वाट न बघता सिस्टरने स्वतः सुरू करायचं, ही मोकळीक त्या बाहुलीपेक्षा मोठी होती.

2011 च्या सुमारास आजारी नवजातांच्या स्वतंत्र कक्षांचे नियम आले, प्रशिक्षण लांबलं, दुसऱ्या मोठ्या कक्षात जाऊन शिकणंही त्यात आलं. या कक्षात तयार झालेल्या परिचारिकेला दुसऱ्या वॉर्डात फिरवू नये, असंही ठरलं. प्रत्यक्षात माणसं कमी पडली की रोटेशन होतंच. प्रशासनाचं म्हणणं, सगळ्यांना सगळं यायला हवं आणि रात्रपाळीचा भार एकाच गटावर का. म्हणणं अगदीच चूक नाही. पण किंमत बाळ मोजतं.

बबल सीपॅपचंच घ्या. नळीचं टोक पाण्यात 5 सेंटीमीटर बुडलेलं, म्हणजे दाब तेवढा. बाटलीत बुडबुडे येतायत तोवर ठीक. रात्री तीनला बुडबुडे थांबले, तर बाळाचं तोंड उघडं राहिलंय, नाकातले प्राँग (छोट्या नळ्या) सरकलेत की नळीच कुठे सुटलीय, हे मुरलेली सिस्टर हात फिरवता फिरवता शोधते. काल अस्थिरोगाच्या वॉर्डातून आलेली आधी मॉनिटरकडे बघते. तिथला ऑक्सिजनचा आकडा पडायला थोडा वेळ लागतो.