कॅन्सरचे आकडे: रुग्णालयाचे वेगळे, लोकसंख्येचे वेगळे

खारघर स्टेशनवरून सेक्टर २२ ला जाताना रिक्षावाला म्हणाला, "काका, खारघरात कॅन्सर लय वाढलाय. दिवसाला आठ-दहा सवाऱ्या टाटाच्याच असतात." सवाऱ्या खऱ्याच, त्याबद्दल वाद नाही. पण त्या दरभंग्याहून, मालद्याहून, जळगावहून आलेल्या. टाटा रुग्णालयाचं कॅन्सर उपचार-संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक इथे आहे म्हणून त्या इथे उतरतात, एवढंच.

असाच घोळ शिकलेली माणसंही घालतात, कारण कर्करोगाच्या नोंदणीचे दोन प्रकार आहेत आणि नावं ऐकायला सारखीच: रुग्णालयाधारित आणि लोकसंख्याधारित.

रुग्णालयाधारित नोंदणी म्हणजे एका रुग्णालयाच्या दारातून आत आलेल्यांची वही. रुग्ण कुठल्या स्टेजला आला, केमो आधी झाली की ऑपरेशन, रेडिएशन सुरू व्हायला किती दिवस गेले, हे तिथे तपशिलात सापडतं. उपचार कसे चाललेत हे बघायचं तर हीच वही उघडावी. शहरात तोंडाचा कॅन्सर किती, हे मात्र तिला विचारू नये. जिथे त्याचा नावाजलेला सर्जन बसतो, तिथे तेच रुग्ण जास्त येणार.

लोकसंख्याधारित नोंदणीत आधी हद्द आखतात. मग त्या हद्दीत राहणाऱ्या कुणालाही नव्याने कॅन्सर निघाला, तो कुठल्याही गावच्या दवाखान्यात निघो, की तो शोधून लिहायचा. भारतात याची सुरुवात मुंबईत १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीने केली. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेचा राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रम त्यानंतर जवळपास दोन दशकांनी आला, आणि १९८७ मध्ये बार्शीला देशातली पहिली ग्रामीण नोंदणी.

काम किचकट आहे. रुग्णालयं, पॅथॉलॉजी लॅब, महापालिकेच्या मृत्यूनोंदी, सगळीकडे नोंदणीचा माणूस स्वतः जाऊन कागद चाळतो. समजा ठाण्याच्या नौपाड्यात राहणाऱ्या एका बाईंची बायोप्सी ठाण्यात झाली, ऑपरेशन परळला, रेडिएशन खारघरला. एका कागदावर वय ५२, दुसऱ्यावर ५४. आडनावाचं स्पेलिंग तिन्हीकडे निराळं. रुग्णालयांच्या वह्यांत त्या दोन-तीनदा दिसतील. इथे मात्र एकदाच धरायच्या, आणि त्याही ठाण्याच्या खात्यावर. उलट मालद्याहून आलेल्या माणसाने उपचारापुरती खारघरला खोली घेतली आणि केसपेपरवर तोच पत्ता घातला, तर विचारावं लागतं, "इथे किती दिवस राहताय?" वर्ष झालं नसेल तर तो इथला धरत नाहीत.

एवढं करून मिळतो तो फक्त अंश. दर लाखामागे किती हे सांगायचं तर खाली छेद लागतो, आणि आपल्याकडचा छेद भलता हलता. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्हा १ कोटी १० लाखांचा. १ ऑगस्ट २०१४ ला त्यातून पालघर वेगळा झाला आणि सुमारे ३० लाख माणसं तिकडे गेली. रुग्ण आजच्या ठाण्याचे मोजले आणि भागलं जुन्या ठाण्याच्या आकड्याने, की दर खोटाच खाली येतो. २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही, त्यामुळे पुढची सगळी लोकसंख्या अंदाजाने धरायची. त्यात खारघर नवी मुंबईचं म्हणवतं, पण महापालिका पनवेलची आणि जिल्हा रायगड! रिक्षावाल्याच्या सवारीत खारघरचं कुणी असलंच, तर ते ठाणे जिल्ह्याच्या आकड्यात येतच नाही.

शिवाय वय. कॅन्सर उतारवयात जास्त. जुन्या नौपाड्यात आजी-आजोबा अधिक, घोडबंदरच्या नव्या टॉवरांत तरुण जोडपी. म्हणून वयाचा फरक काढून टाकून, वय-समायोजित दर काढतात. तो दिलेला नसेल तर दोन शहरांची तुलना मी वाचायच्या फंदात पडत नाही.