विसाव्या कामगाराची किंमत

सरकारी सवलतींमुळे रोजगार वाढतो का, याआधी एक प्रश्न विचारायला हवा: सवलत कशावर मोजली जाते? यंत्रावर, जागेवर की माणसांवर?

महाराष्ट्राची सामूहिक प्रोत्साहन योजना 1964 पासून आहे. मुंबई-पुणे पट्ट्याबाहेर उद्योग जावेत म्हणून ती आली आणि मागास तालुक्यांना जास्त लाभ मिळू लागला. लाभाची मर्यादा मुख्यतः इमारत आणि यंत्रसामग्रीतल्या गुंतवणुकीच्या टक्क्यांत ठरते. त्यामुळे वेल्डिंग शॉपचा मालक चार वेल्डर घ्यावेत की एक रोबो, असा हिशेब मांडतो तेव्हा रोबो गुंतवणुकीत धरला जातो, वेल्डरांचा पगार नाही. मोठ्या प्रकल्पांना रोजगाराचा पर्यायी निकष आहे, लहान कारखानदाराला त्याचा उपयोग नाही.

आयटीचं गणित वेगळं. तिथे सवलत वाढीव चटई क्षेत्राची, म्हणजे त्याच भूखंडावर जास्त बांधकाम करण्याची, आणि जागा वाढली की खुर्च्या वाढतात. पुण्याजवळच्या हिंजवडीतल्या आयटी पगारांवर मेस, कॅबचालक, सुरक्षारक्षक, घरकाम करणाऱ्या बायका असा मोठा पसारा उभा राहतो.

खरी अडचण पुण्याजवळच्या भोसरीसारख्या औद्योगिक भागातल्या जॉबवर्कच्या, म्हणजे मोठ्या कंपन्यांची कामं करून देणाऱ्या लहान शॉपमध्ये आहे. भविष्य निर्वाह निधी 20 कामगारांपासून लागू होतो. मूळ पगार 15,000 धरला, तर मालकाचे 12 टक्के म्हणजे माणशी 1,800 रुपये. एकोणीस जणांपर्यंत शून्य, विसावा आला की महिन्याला 36,000, शिवाय त्याचा पगार. विजेवर चालणाऱ्या शॉपला कारखान्याचे नियमही राज्यात विसाव्या कामगारापासूनच लागतात. मग ऑर्डर असूनही भरती थांबते, किंवा भावाच्या नावाने दुसरी फर्म निघते. ही पायरी कामगारांच्या हक्कांसाठी आहे आणि ती हवीच. पण पहिली दोन-तीन वर्षं मालकाच्या या निधीच्या वाट्याचा भार सरकारने उचलला, तर ती ओलांडणं सोपं जाईल.

ई-वाहनांना 2021 च्या राज्य धोरणाने चालना दिली. बॅटरी जोडणीत कामं निघतात, पण या वाहनांना इंजिन नसल्याने पिस्टन, क्रँकशाफ्ट, गिअर बनवणाऱ्या शॉपची मागणी घटते. म्हणून गेलेल्या नोकऱ्या वजा करून रोजगाराची निव्वळ वाढ मोजावी.

मोजतानाही सांभाळावं लागतं. एखाद्या शॉपने विसावा माणूस घेतला की निधीच्या नोंदीत एकदम वीस नवे सभासद दिसू शकतात. नोकरी मात्र एकच निर्माण झालेली असते.