प्रादेशिक व्यापार एकात्मीकरण : विकसनशील देशांतील वाढ आणि गरिबी

एका प्रदेशातील देशांनी एकमेकांच्या मालावरील सीमाशुल्क व इतर अडथळे कमी करणे म्हणजे प्रादेशिक व्यापार एकात्मीकरण. दक्षिण आशियाचा ‘साफ्टा’ (१ जानेवारी २००६ पासून लागू) हे मुक्त व्यापार क्षेत्र आहे. बाहेरच्या मालावर सर्वांचे शुल्क एकच असेल तर तो सीमाशुल्क संघ होतो. पूर्व आफ्रिकी समुदायाने २००५ मध्ये तो टप्पा गाठला.

करार झाला की वाढ होणारच, असे नाही. अर्थतज्ज्ञ जेकब व्हायनर यांनी १९५० मध्ये व्यापारनिर्मिती (महाग देशी मालाच्या जागी भागीदाराचा स्वस्त माल येणे) आणि व्यापारविचलन (बाहेरच्या स्वस्त मालाच्या जागी भागीदाराचा महाग माल येणे) यांत फरक केला. समजा, एक वस्तू जगाच्या बाजारात १०० रुपयांना आणि भागीदार देशात १०८ रुपयांना मिळते. सर्वांवर २० टक्के शुल्क असताना बाहेरची वस्तू १२० ला पडते, भागीदाराची १२९.६० ला. भागीदाराचे शुल्क माफ झाले की खरेदी तिकडे वळते. ग्राहकाचे १२ रुपये वाचतात, तिजोरीचे २० बुडतात. देशाला निव्वळ ८ रुपयांचा तोटा. ज्या गरीब देशाचा महसूल मुख्यतः सीमाशुल्कातून येतो, तिथे ही तूट शाळा-दवाखान्यांच्या खर्चावर येते.

कागदावरची सवलत प्रत्यक्षात मिळते की नाही, हे मूळ देशाच्या नियमांवर, म्हणजे माल कोणत्या देशाचा मानायचा हे सांगणाऱ्या नियमांवर, ठरते. चाकणच्या सुट्या भागांच्या कारखान्याला भारताचा करार असलेल्या आसियान (आग्नेय आशियाई) देशांत सवलतीने माल पाठवायचा असेल, तर सर्वसाधारण नियम दुहेरी आहे : एफओबी किमतीच्या (माल जहाजावर चढेपर्यंतच्या) किमान ३५ टक्के मूल्य करारातील देशांतले हवे आणि बाहेरच्या कच्च्या मालाचा सहा अंकी एचएस कोड (जगभर वापरला जाणारा मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक) तयार मालात बदललेला हवा. १,००० रुपयांच्या भागात बाहेरचा माल ६२० रुपयांचा असेल तर ३८ टक्के भरतात. ६८० चा झाला की ३२, आणि सवलतीसाठी लागणारा मूळ देशाचा दाखला मिळत नाही. पोलाद चिनी की थायलंडचे, यावर सगळे फिरते, कारण आसियानमधला पात्र माल हिशेबात धरला जातो. इन्व्हॉइस आणि दाखल्यावरचे वर्णन वा कोड न जुळणे, खर्चाचा तक्ता जपून न ठेवणे, माल तिसऱ्या देशातून गेल्यास थेट वाहतुकीचा पुरावा नसणे, या चुकांनी सवलत हातची जाते. लहान उद्योजक मग पूर्ण शुल्क भरून मोकळा होतो, आणि शुल्कातली तफावत किरकोळ असेल तर त्याचे चुकतेही असे नाही.

दक्षिण आशियाचा आपसातला व्यापार एकूण व्यापाराच्या सुमारे ५ टक्केच आहे. आसियानमध्ये तो २० टक्क्यांहून अधिक. शुल्कसवलतीतून वगळलेल्या वस्तूंच्या लांबलचक ‘संवेदनशील’ याद्या, भारत-बांगलादेश सीमेवरील पेट्रापोल-बेनापोलसारख्या नाक्यांवर ट्रक खोळंबणे आणि राजकीय वैर ही त्याची कारणे.

गरिबीवरचा परिणाम तीन वाटांनी येतो : रोजगार, किमती आणि महसूल. यांत किमतीची वाट सर्वांत फसवी. जुन्नर, आंबेगाव, खेडचा कांदा उत्पादक निर्यात खुली असताना चार पैसे जास्त मिळवतो, पण तोच कांदा पुण्यातल्या मजुराला महाग पडतो. डिसेंबर २०२३ ते मे २०२४ च्या निर्यातबंदीत उलटे घडले : इथले भाव दबले आणि बांगलादेशसारख्या ग्राहक देशाची अडचण झाली. करारात शुल्क कितीही खाली आणले तरी अशा अचानक बंदीपुढे शेतकऱ्याच्या हाती काही राहत नाही.

सर्वांत गरीब व्यापाऱ्यासाठी पूर्व आफ्रिकेतली सोपी पद्धत उपयोगी आहे. सामाईक यादीतल्या, २,००० डॉलरपर्यंतच्या मालाला नाक्यावरच साधा मूळ दाखला मिळतो, त्यामुळे डोक्यावर पाटी घेऊन सीमा ओलांडणाऱ्या बाईलाही शुल्कमाफी लागू होते. मात्र धान्य-भाजीसाठी आरोग्यविषयक प्रमाणपत्र वेगळे लागते. ते देणारे कार्यालय लांब असेल तर ती आडवाटेनेच जाते.