निर्बंधित नकाशे (भारत)

संरक्षणाच्या कारणावरून खुल्या विक्रीतून वगळलेले भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलनिर्देशक नकाशे. अभ्यासक आणि डोंगरभटके त्यांना टोपोशीट म्हणतात. १७६७ मध्ये स्थापन झालेल्या या विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या पत्रकावर समोच्च रेषा, ओढे, विहिरी, पायवाटा असे सारे असते. खडकांचा अभ्यास असो की पाणलोटाची आखणी, सुरुवात या कागदापासूनच होते.

भूसीमा आणि समुद्रकिनारा यांपासून ८० किमी.पर्यंतच्या पट्ट्यातील पत्रके निर्बंधित धरली जात. मुंबई, जवळजवळ सगळे कोकण, घाटमाथ्याचा बराच भाग आणि अख्खा गोवा या पट्ट्यात येई. विदर्भातला विद्यार्थी पैसे भरून पत्रक घेऊ शके. रत्नागिरीत दरडींचा अभ्यास करणाऱ्याला मात्र मागणीपत्र, अधिकाऱ्याची सही-शिक्का आणि परवानगी यांच्या मागे लागावे लागे. गंमत म्हणजे अमेरिकी लष्कराने विसाव्या शतकाच्या मध्यास छापलेले १:२,५०,००० प्रमाणाचे भारताचे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने इंटरनेटवर ठेवले होते. म्हणजे गुपित राखले गेले ते मुख्यतः घरच्यांपासून.

मे २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नकाशांच्या दोन मालिका केल्या. संरक्षण मालिका सैन्यासाठी. खुली मालिका सर्वांसाठी, पण तिच्यावर लष्करी आणि नागरी मर्मस्थळे दाखवायची नाहीत. पुढच्याच महिन्यात गूगल अर्थ आले. ऑक्टोबरमध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी त्यावरील उपग्रहचित्रांबद्दल जाहीर चिंता व्यक्त केली. चिंता रास्त होती, परंतु कागदावरून पुसलेले आवार पडद्यावर छपरांसकट दिसू लागले होते.

केंद्र सरकारच्या नकाशे व भूस्थानिक माहितीविषयीच्या १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी पूर्वपरवानगीची अट काढून स्वयंप्रमाणनावर, म्हणजे नियम पाळल्याची हमी स्वतःच देण्यावर, भर दिला. पट्ट्याऐवजी आता अचूकता मोजली जाते: आडव्या दिशेत १ मीटर, उभ्या दिशेत ३ मीटर. त्याहून सूक्ष्म माहिती भारतीय संस्थांनीच तयार करायची आणि देशातच साठवायची. संवेदनशील ठिकाणांचे कोणते तपशील नोंदवू नयेत, याची वेगळी यादी असते. गुरुत्वीय विसंगतीलाही (अपेक्षित आणि मोजलेल्या गुरुत्वाकर्षणातल्या फरकालाही) १ मिलिगॅलची मर्यादा आहे; मिलिगॅल हे असे बारीक फरक मोजण्याचे एकक. हे आकडे निरुपद्रवी वाटतात. पण लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्राचा मार्ग काटेकोर आखताना गुरुत्वाकर्षणातले बारीक फरक धरावे लागतात, आणि दख्खनच्या लाव्हाथरांखाली काय दडले आहे हे शोधणाऱ्या भूभौतिकतज्ज्ञालाही नेमके तेच हवे असतात. इथे दोघांची गरज एकाच आकड्याची असल्याने मर्मस्थळ पुसण्यासारखी सोपी वाट उरत नाही.

रस्त्यांवरून फिरून केलेले चित्रणही भारतीय संस्थांनाच राखून ठेवले आहे. त्यामुळे २०२२ मध्ये गूगलचे स्ट्रीट व्ह्यू आले ते भारतीय कंपन्यांनी टिपलेल्या चित्रांवर. पहिल्या दहा शहरांत पुणे, नाशिक आणि अहमदनगर होती. तिन्ही लष्करी छावण्यांची.